विश्लेषण : ‘७/१२’ हा आकडा आहे का?

संगणकाला रोज विचारला जाणारा एक साधा प्रश्न, त्याची परस्परविरोधी उत्तरे आणि त्यात अडकणारी शेतकऱ्याची जमीन, खाते व मदतीची रक्कम

एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात इंग्रजी अंकांनी ७/१२ असे टंकून एंटरची कळ दाबली, की पडद्यावर सातबारा उरत नाही. संगणक भारतीय तारखेच्या पद्धतीवर असेल तर ७ डिसेंबर दिसतो, अमेरिकी पद्धतीवर असेल तर १२ जुलै. आधी बरोबरचे चिन्ह दिले, तर सातला बाराने भागून ०.५८३३ असे उत्तर येते. कन्नडच्या तहसील कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या कोणालाही विचारले, तर तो सांगेल की सातबारा ही तारीखही नाही आणि भागाकारही नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नोंदींची ती जोडी आहे. पहिल्यात जमीन कोणाची ते कळते, दुसऱ्यात तिच्यात काय पेरले ते. यातले सात आणि बारा ही नावे आहेत.

हा विनोद वाटतो, पण त्यामागे प्रोग्रामिंगमधला एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. माणसाने टंकलेला मजकूर हा आकडा आहे की नाही, हे कसे ओळखायचे? शिकाऊ प्रोग्रामरला पहिल्या महिन्यातच भेटणारा हा प्रश्न एका ओळीत सुटतो, असे समजले जाते. त्या एका ओळीवर आज पीकविमा, अनुदान, अतिवृष्टीची मदत आणि बँक खात्यातली जमा अवलंबून आहे. ती ओळ चुकली तर फटका प्रोग्रामरला बसत नाही. तो पिशोर किंवा देवगाव रंगारीहून एसटीने तालुक्याला आलेल्या माणसाला बसतो.

प्रश्न नेमका काय?

संगणकाच्या चौकटीत जे काही टंकले जाते, ते आधी निव्वळ मजकूर म्हणून पोहोचते. प्रोग्रामरच्या भाषेत त्याला ‘स्ट्रिंग’ म्हणतात, म्हणजे एकापुढे एक ओवलेली चिन्हे. ‘अद्रक’ ही चार-पाच चिन्हांची स्ट्रिंग, तशीच ‘२५’ ही दोन चिन्हांची स्ट्रिंग. पंचवीसमध्ये पाच मिळवायचे असतील, तर आधी त्या दोन चिन्हांचे संख्येत रूपांतर करावे लागते. ते करण्यापूर्वी प्रोग्राम स्वतःलाच विचारतो, ‘हा मजकूर आकडा आहे ना?’

उत्तर ‘होय’ आले तर अर्ज पुढे सरकतो. ‘नाही’ आले तर लाल अक्षरांत सूचना झळकते, बहुतेक वेळा इंग्रजीत. ‘अवैध माहिती’ एवढेच ती सांगते. कोणती माहिती आणि का अवैध, हे सांगत नाही. सेवा केंद्रातला चालक मग अंदाजाने टिंब काढतो, तिरकी रेघ काढतो, अक्षर खोडतो. चौकट हिरवी होते, अर्ज भरला जातो. अर्जदाराच्या कागदावर जे होते आणि संगणकात जे गेले, ते आता एकच राहिले आहे का, हे त्या घाईत कोणी पाहत नाही.

संगणकाच्या भाषा एकच उत्तर का देत नाहीत?

कारण ‘आकडा’ म्हणजे काय, याबाबत त्यांच्यातच एकमत नाही.

जावास्क्रिप्ट ही वेबसाइटच्या अर्जांची भाषा. तिच्या ‘नंबर’ या साधनाला पूर्ण रिकामी चौकट दिली, तर ती तिचे शून्य करते. शेतकऱ्याने क्षेत्र लिहिलेच नाही आणि शेतकऱ्याने क्षेत्र शून्य लिहिले, या दोन गोष्टी तिच्या लेखी सारख्या ठरतात. याच भाषेतले ‘पार्सइंट’ हे साधन मजकुराच्या सुरुवातीचे आकडे उचलते आणि पुढचे गुपचूप टाकून देते. इंग्रजी अंकात ‘८अ’ लिहिले, तर हाती फक्त ८ लागतो. गाव नमुना आठ-अ हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा; त्यातला ‘अ’ गेला तर नमुनाच बदलतो. पण प्रोग्राम कुरकुर करत नाही.

पीएचपी या भाषेतले ‘इज न्यूमेरिक’ हे साधन इंग्रजीतल्या ‘१ई५’ या मजकुराला आकडा मानते, कारण वैज्ञानिक लेखनपद्धतीत त्याचा अर्थ एक लाख होतो. एखाद्या घराचा किंवा गाळ्याचा क्रमांक तसा असेल, तर तो एक लाख ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठ्यातले याच कामाचे साधन नुसत्या डॉलरच्या किंवा वजाच्या चिन्हालाही ‘आकडा आहे’ म्हणते. कंपनीने आपल्या मदतपानावर तसा इशाराच देऊन ठेवला आहे.

पायथन ही आज महाविद्यालयांत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक. तिने याच प्रश्नासाठी एक सोडून तीन साधने दिली आहेत : दशमान अंक आहे का, अंकचिन्ह आहे का आणि संख्यावाचक चिन्ह आहे का. वर्गाचा छोटा दोन तिसऱ्या आणि दुसऱ्या चाळणीतून जातो, पहिलीत अडकतो. अर्ध्याचे जोडचिन्ह फक्त तिसऱ्या चाळणीतून जाते. चिनी लिपीतला ‘पाच’ही तिथे चालतो. पण ‘१.५’ आणि ‘-५’ हे दोन्ही तिन्ही चाळण्यांत अडकतात, कारण टिंब आणि वजाचे चिन्ह हे अंक नाहीत. म्हणजे दीड हेक्टर हा पायथनच्या या चाळण्यांच्या मते आकडा नाही, आणि चिनी पाच मात्र आहे. ही साधने चुकीची नाहीत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. नावावरून अंदाज बांधून ती वापरणारा प्रोग्रामर मात्र चुकतो.

मराठी अंकांना आकडे का मानले जात नाही?

संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक मानकात इंग्रजी शून्य ४८ व्या क्रमांकावर आहे आणि नऊ ५७ व्या. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. पडद्यावर दोन्ही शून्ये जवळजवळ सारखी दिसतात. संगणकासाठी ती दोन परकी चिन्हे आहेत.

इथेही भाषांचे वागणे वेगवेगळे आहे. पायथन आणि जावा या भाषा देवनागरीत लिहिलेले ‘१२३’ बिनतक्रार एकशे तेवीस म्हणून वाचतात. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी त्याला आकडाच मानत नाहीत. एखाद्या अर्जाचा पडद्यावरचा भाग जावास्क्रिप्टमध्ये आणि मागचा भाग जावात लिहिलेला असेल, तर दारावरचा रखवालदार ज्याला अडवतो, त्याला आतला अधिकारी सहज ओळखतो, अशी गंमत होते.

मराठी माध्यमाच्या शाळेत पाटीवर पहिल्यांदा गिरवलेले अंक १, २, ३ असेच असतात. मोबाइलवरचा मराठी कळफलक तेच अंक पुढे करतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याचा कारभार देवनागरी लिपीतल्या मराठीत चालावा, ही त्यामागची भूमिका. अशा राज्यात मराठी अर्जातल्या मराठी रकान्यात मराठी अंक टंकणाऱ्याला ‘कृपया वैध आकडा टाका’ असे सांगितले जात असेल, तर तो अर्ज अवैध आहे, अर्जदार नाही.

कन्नड तालुक्याला हा प्रश्न आणखी जवळचा आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली नोंदी उर्दूत आणि मोडीत सापडतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हे कागद वाचणाऱ्या जाणकारांची किती गरज आहे, ते साऱ्या राज्याला दिसले. म्हणजे एकाच शिवारातल्या जमिनीचे आकडे काळानुसार उर्दू, मोडी, देवनागरी आणि इंग्रजी अशा चार वळणांत लिहिले गेले आहेत. मोडी लिपीला, तिच्या अंकांसह, २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. उद्या हे दस्त संगणकात उतरवले जातील, तेव्हा ‘आकडा आहे का’ हा प्रश्न चारही वळणांना लागू होईल.

आणि अंक म्हणजे फक्त चिन्ह नव्हे, हे या परिसराला नव्याने शिकवण्याची गरज नाही. कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी लागते. तिथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष, शके १०३६, अंकांत लिहिलेच नाही. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे एक, अशा शब्दांनी त्यांनी ते उजवीकडून डावीकडे सांगितले. आजच्या कोणत्याही संगणकीय चाळणीत तो मजकूर अडकेल. तरीही ती संख्याच होती, कारण लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात संकेत ठरलेला होता.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र कुठे अडते?

संकेत ठरलेला नसला की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जमिनीचे क्षेत्र. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत लिहिले जाते. ‘१.२०.५०’ म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरचा एक हेक्टर, असा हिशेब. सगळे मिळून १२,०५० चौरस मीटर.

आता या मजकुरात दोन टिंबे आहेत. गणितात एका संख्येला दोन दशांशचिन्हे नसतात. त्यामुळे पायथन हा मजकूर आकडा मानायला साफ नकार देते. जावास्क्रिप्टचे ‘पार्सफ्लोट’ हे साधन मात्र, अंक इंग्रजी असतील तर, दुसऱ्या टिंबापाशी थांबते आणि १.२ असे उत्तर देते. ५० चौरस मीटर हवेत विरतात. नकार देणारी भाषा त्रासदायक वाटते, पण प्रामाणिक तीच आहे. दुसरी मदतीला धावून येते आणि जमीन कमी करून ठेवते.

याहून मोठा सापळा एका टिंबाच्या मजकुरात आहे. चाळीस आर जमीन ‘०.४०’ अशी लिहिली जाते. ती संख्या म्हणून साठवली की संगणकाच्या दृष्टीने शेवटचे शून्य निरर्थक असते; पडद्यावर ०.४ दिसते. गणितात ०.४० आणि ०.४ एकच. पण हेक्टर-आरच्या सवयीने वाचणारा माणूस ०.४ पाहून ‘शून्य हेक्टर चार आर’ म्हणू शकतो. चाळीस आर म्हणजे जवळपास एक एकर. चार आर म्हणजे साधारण चार गुंठे. अतिवृष्टीची मदत हेक्टरी दराने मिळते, तिथे हा फरक दहापटीचा पडतो. या चुकीला कोणतीही ‘आकडा आहे का’ चाचणी पकडू शकत नाही, कारण दोन्ही मजकूर आकडेच आहेत.

लोकांच्या बोलण्यात तर अजून एकर-गुंठेच आहेत. एकाची जमीन १ एकर ३० गुंठे आणि दुसऱ्याची २० गुंठे. ‘१.३०’ आणि ‘०.२०’ असे लिहून संगणकाने बेरीज केली, तर उत्तर १.५० येते, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने दीड एकर. खरे उत्तर ९० गुंठे, म्हणजे २ एकर १० गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर संगणकाला कोणी सांगितलाच नव्हता. तीस गुंठे जमीन एका टिंबाच्या गैरसमजात गेली.

सातबाऱ्याचा नमुना २०२० मध्ये बदलला. त्यात शेतजमिनीसाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेती जमिनीसाठी आर-चौरस मीटर असे एकक ठरले. हा बदल योग्यच आहे. पण त्यामुळे ‘२.५०’ या एकाच मजकुराचे दोन अर्थ संभवतात : शेतजमीन असेल तर अडीच हेक्टर, बिनशेती असेल तर अडीचशे चौरस मीटर. एककाशिवाय आकडा म्हणजे पत्त्याशिवाय पत्र. ई-पीक पाहणीत १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करू लागला. क्षेत्राचा आकडा टंकणारा हात आता तलाठ्याचाच असेल असे नाही. तेव्हा चौकटीने काय विचारले आहे, हे चौकटीनेच स्पष्ट सांगायला हवे.

शून्य गळाले तर काय बिघडते?

छत्रपती संभाजीनगरचा दूरध्वनी संकेतांक ०२४० आहे. तो आकडा मानून साठवला की २४० उरतो. हे नुकसान किरकोळ. पण काही बँकांचे खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. ती आघाडीची शून्ये संख्येत गळून पडतात आणि उरतो एक अपुरा क्रमांक.

एक्सेलमध्ये संख्येचे फक्त पंधरा अंक अचूक राहतात. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टंकला, तर शेवटचा अंक न सांगता शून्य होतो. बारा अंकी आधार क्रमांकाची अवस्था वेगळी. साध्या रकान्यात तो ‘१.२३४५७ई+११’ अशा रूपात दिसतो. आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो. पण ती यादी त्याच अवस्थेत ‘सीएसव्ही’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केली, की पडद्यावर दिसते तेवढेच फाइलमध्ये उतरते. ती फाइल पुन्हा उघडल्यावर शेवटच्या सहा जागी शून्ये मिळतात आणि मूळ अंक परत आणता येत नाहीत. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा बचत गटाच्या याद्या हाताळणाऱ्यांना हे रूप ओळखीचे असेल.

बँकिंगमध्ये याचे मोल मोठे आहे. ऑनलाइन पैसे पाठवताना रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. नाव जुळते का, हे पाहण्यावर व्यवहार वर्षानुवर्षे अवलंबून नव्हता. पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, ते याच जोखमीमुळे. शाखेच्या आयएफएससी संकेतांकात अकरा चिन्हे असतात आणि पाचवे नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ टंकणे ही अत्यंत सामान्य चूक. डोळ्याला ती दिसत नाही, संगणकाला दिसते. पण तो ‘संकेतांक चुकीचा’ एवढेच सांगतो. ‘पाचव्या जागी ओ नव्हे, शून्य हवे’ असे सांगायला एका ओळीचा खर्च आहे.

आधार क्रमांकाच्या रचनेत यावर एक शहाणा उपाय आहे. त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर लगेच पकडते. आधार शून्याने किंवा एकाने सुरूही होत नाही. ‘बारा अंक आहेत ना, मग ठीक’ म्हणणारा अर्ज आणि व्हरहूफची चाचणी लावणारा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला चुकीला आत घेतो, दुसरा तिला दारातच परत पाठवतो.

हे आपल्याकडेच घडते का?

नाही. जगातले शास्त्रज्ञही यात अडकले आहेत. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावे ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. काही जैविक नमुन्यांच्या क्रमांकात मधे ‘ई’ हे अक्षर होते. त्यांचे प्रचंड मोठे आकडे झाले. शेवटी २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. असे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

या घटनेतून घेण्यासारखा धडा आहे. जनुकांना मतदान नसते, त्यांची नावे बदलता येतात. पोटहिश्श्याचा क्रमांक ‘३/२’ असलेल्या शेतकऱ्याला मात्र, ‘तुमचा गट क्रमांक ३ फेब्रुवारी होतो, दुसरा घ्या’ असे सांगता येणार नाही. तिथे साधनानेच बदलायला हवे.

इंग्रजी अंकांची सक्ती हा उपाय का नाही?

प्रोग्रामरांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती निराधार नाही. युनिकोडमध्ये दशमान अंकांचे साठहून अधिक संच आहेत. ‘कोणताही अंक चालेल’ अशी चाळणी लावली, तर देवनागरीबरोबर कानडी, अरबी, थाई असे सगळेच अंक आत येतात. आपल्या कन्नडचे नाव ज्या भाषेच्या नावाशी जुळते, तिचेही अंक कन्नड तालुक्याच्या अर्जात चालून जातील! बंगाली चार तर इंग्रजी आठासारखा दिसतो. फसवणुकीला तेवढी फट पुरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ नेही संघराज्याच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले आहे. वाहनांच्या पाट्यांवर इंग्रजी अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच लागतात. सगळीकडे एकच रूप असले की गोंधळ टळतो, हा युक्तिवाद म्हणून समजण्यासारखा आहे.

पण तो साठवणुकीला लागू होतो, टंकण्याला नाही. माहितीसाठ्यात एकच रूप असावे, यात दुमत नाही. ते रूप अर्जदाराकडून सक्तीने मागायचे की प्रोग्रामने स्वतः तयार करायचे, एवढाच प्रश्न आहे. देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २,३५८ वजा केले, की त्याच किमतीचा इंग्रजी अंक मिळतो. दहाही अंकांना हा एकच नियम लागतो. जे काम एका वजाबाकीने होते, त्यासाठी साठ वर्षांच्या माणसाला सेवा केंद्राच्या रांगेत पुन्हा उभे करणे याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही. तो आळस आहे. फसवणुकीची भीती असेल तर नियम सोपा ठेवता येतो : देवनागरी चालतील, इंग्रजी चालतील, एकाच क्रमांकात दोन्हींची सरमिसळ दिसली तर प्रोग्रामने थांबून विचारावे. बाकीचे संच या अर्जात नकोत.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, प्रश्नच बदलायला हवा. ‘हा मजकूर आकडा आहे का’ याऐवजी ‘याची कधी कोणी बेरीज करणार आहे का’ असे विचारावे. दोन शेतांच्या क्षेत्रांची बेरीज होते, दोन गट क्रमांकांची होत नाही. अद्रकाच्या क्विंटलची सरासरी निघते, आधार क्रमांकांची सरासरी काढून काहीच कळत नाही. ज्याची बेरीज होत नाही, ते अंकांत लिहिलेले नाव आहे; ते मजकूर म्हणूनच साठवावे. मोबाइल, पिनकोड, खाते क्रमांक, गट क्रमांक, फेरफार क्रमांक, सगळे या वर्गातले. तसे केले की शून्य गळत नाही, तिरकी रेघ भागाकार होत नाही आणि ‘अ’ हरवत नाही.

दुसरी, ज्याची बेरीज होते त्याचे एकक चौकटीबाहेर ठळक लिहावे. हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांच्या तीन वेगळ्या चौकटी ठेवल्या, तर टिंबाचा वादच मिटतो. माहिती पाठवण्यापूर्वी ‘तुम्ही १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर क्षेत्र भरले आहे, बरोबर?’ असे शब्दांत वाचून दाखवावे. अंक वाचताना अडखळणाराही वाक्य ऐकून होकार-नकार देऊ शकतो.

तिसरी, प्रोग्रामने अर्धवट समजलेले कधीही गुपचूप स्वीकारू नये. सुरुवातीचे आकडे उचलून बाकीचे फेकणारी साधने सरकारी अर्जात नकोतच. समजले नाही तर थांबावे आणि कुठे अडले ते मराठीत सांगावे. रिकाम्या चौकटीला शून्य तर मुळीच समजू नये. न सांगणे आणि ‘काही नाही’ असे सांगणे यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर आहे.

चौथी गोष्ट खरेदी करणाऱ्यांसाठी. सरकारी संकेतस्थळाचे काम देताना निविदेत सुरक्षेच्या आणि वेगाच्या अटी असतात. त्यात एक अट आणखी घालावी : हा अर्ज मराठी अंकांत, ‘४५/२/अ’ अशा गट क्रमांकासह आणि ‘०.४०.००’ अशा क्षेत्रासह भरून दाखवा. ही चाचणी मुंबईच्या वातानुकूलित दालनात घेण्याऐवजी एखाद्या तालुक्याच्या सेवा केंद्रात, भर गर्दीच्या दिवशी घ्यावी. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या महाविद्यालयांनीही ‘अ’ आणि ‘बी’ यांची वये मिळवण्याच्या उदाहरणांऐवजी विद्यार्थ्यांपुढे स्वतःच्या घरचा सातबारा ठेवावा. तो वाचणारा प्रोग्राम लिहिताना त्यांना स्ट्रिंग आणि संख्या यांतला फरक कायमचा समजेल.

तोवर सेवा केंद्रात अर्ज भरून घेणाऱ्यांनी एवढे करावे. यादी एक्सेलमध्ये असेल, तर क्रमांकांचे रकाने टंकण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत. अर्जाच्या पोचपावतीवरचे क्षेत्र, गट क्रमांक आणि खाते क्रमांक मूळ कागदाशी अंकन् अंक ताडून पाहावेत. चालकाने चौकट हिरवी होण्यासाठी काही खोडले असेल, तर काय खोडले ते विचारावे. पोचपावती हातात पडल्यावर हे तपासायला दोन मिनिटे लागतात. चूक पुढे गेली, तर तीच दुरुस्त करायला तहसील, बँक आणि कृषी कार्यालय अशा फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्या फेऱ्यांच्या खर्चाची बेरीज मात्र कोणत्याच संगणकात होत नाही.